सिंधूताईचं टोकन

रामदासपेठेतल्या दवाखान्यांत जेवणाचे डबे पोचवणारी सिंधूताई बँकेत शिरली, की रांगेतली माणसं गप्प व्हायची. बाईची जीभच तशी होती. स्लिप दिली की पितळेचं टोकन मिळतं आणि टोकन दाखवेल त्याला कॅशियर पैसे देतो, एवढी साधी गोष्ट. पण शिकलेसवरलेले लोकही ते कोणाच्याही हातात देऊन खुशाल पान खायला जात. चंपतराव मास्तरांनी असंच एका गोडबोल्याला दिलं आणि महिन्याचा पगार घालवून बसले. त्यांना तिनं भर बँकेत सुनावलं, "अक्कल का गहाण ठेवली होती गा मास्तर? इतकी बुकं शिकून काय उजेड पाडला?" मास्तर बिचारे मान खाली घालून निघून गेले.

त्या दिवशी तिला दोन हजार काढायचे होते. नऊ वर्षं डबे वाहून जमवलेले. राहती खोली घरमालक विकत होता. संध्याकाळपर्यंत बयाणा दिला नाही, तर खोली दुसऱ्याची आणि सिंधूताई रस्त्यावर.

बरोबर जावई होते, मधुकरराव. काय ते ध्यान! अंगात टेरिलिनचा शर्ट, कामधंद्याच्या नावानं शून्य, आणि रुबाब असा की अख्खं नागपूर यांच्या बापाचं. दिवाळीपासून स्कूटरसाठी पैसे मागून सासूचं डोकं खात होते.

"मामीजी, तुम्ही पंख्याखाली बसा. द्या ते टोकन, मी उभा राहतो."

"राहू द्या जावईबापू. मले सवय हाय."

झालं! जावयाचं नाक लाल. तिच्या कानाशी येऊन दात खात म्हणाला, "म्हंजे मी चोर हाव काय? इज्जत काढून राहिल्या तुम्ही माही! मंग आजच घेऊन जा आपली पोरगी. ठेवा घरी."

पोरीला, प्रेमिलाला, सातवा महिना लागला होता. सगळ्या बँकेला धारेवर धरणाऱ्या बाईनं डोईवरचा पदर पुढं ओढला आणि मुकाट्यानं टोकन दिलं. आग लागो असल्या मानपानाला!

नंबर पुकारला गेला. मधुकररावांनी नोटा घेतल्या, खिशात कोंबल्या आणि पंख्याकडे न बघता तडक दाराबाहेर पडले. सिंधूताई धावली, तोवर त्यांची सायकलरिक्षा वळणापलीकडे गेली होती.

ती खिडकीशी परत आली, तेव्हा रिक्षाचं ऐकून कॅशियर हळहळला. "टोकन आलं, पैसे दिले, बाई. पण मी पाहिलंय त्याला. सायकलरिक्षा जाऊन जाऊन जाईल कुठे? ओळखीचा होता का? नाव सांगा, आत्ता पोलिसांत फोन लावतो."

नाव अगदी ओठांवर आलं होतं. त्याला धरतील, पैसे मिळतील, खोली वाचेल. आणि प्रेमिला? ते मेलं घर तिला सुखानं जगू देईल का?

"नाई जी," सिंधूताई म्हणाली. "मी नाई ओळखत त्याले."

"अनोळखी माणसाला टोकन दिलं? तुम्ही?"

रांगेत हशा पिकला. तिनं तो उभ्यानं ऐकून घेतला.