न पुसलेला नकार

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये एका लेथच्या वर्कशॉपवर आमचं छोटंसं ऑफिस होतं. खाली लोखंड कातलं जायचं, वर आम्ही वेबसाइट बनवायचो. त्यातली एक साइट डोंबिवलीच्या एका वधूवर सूचक केंद्राची होती. तिच्यापायी माझी नोकरी गेली.

साइटवर स्थळांचं पान उघडलं की एक पट्टी यायची. तुम्ही कोणकोणती स्थळं पाहता हे जाहिरातदारांना कळवू का? हो किंवा नाही. दिलेलं उत्तर कुकीत राहायचं. कुकी म्हणजे साइटने तुमच्याच ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. ती लिहायची, वाचायची आणि पुसायची, एवढंच काम करणारी तयार कोडची एक चिमुकली लायब्ररी आम्ही वापरायचो. होकाराची चिठ्ठी वर्षभर टिकायची. नकाराची मात्र माणूस मुख्य पानावर आला की पुसून टाकायची, म्हणजे पट्टी पुन्हा दिसेल आणि कधीतरी कंटाळून तो हो म्हणेल. केंद्राने तसं सांगूनच ठेवलं होतं.

पण नकार पुसला जातच नव्हता. माझ्याआधी जो प्रोग्रामर होता, त्याने चिठ्ठी स्थळांच्या पानापुरती ठेवली होती आणि पुसताना त्या पानाचा पत्ता द्यायला तो विसरला होता. जिथे ठेवली तो पत्ता दिला नाही तर लायब्ररी कुरकुर करत नाही, नुसती गप्प बसते. त्या विसरभोळ्याचं भलं होवो.

केंद्राच्या ते लक्षात आलं आणि सरांनी मला बोलावलं.

"अगं, एका ओळीचं काम आहे. पुसायच्या ओळीत पानाचा पाथ टाक आणि अपलोड करून दे."

"मी नाही टाकणार, सर."

त्यांना वाटलं, मी मस्करी करतेय.

मस्करी कसली? ही पट्टी मी घरी भोगली होती. आपल्याकडे नकार सरळ कळवत नाहीत, पत्रिका जुळत नाही म्हणतात. मला एक स्थळ पटलं नव्हतं, तसं मी मावशीला स्पष्ट सांगितलं. तिने पत्रिकेचं कारणसुद्धा पुढे केलं नाही. "पोरगी विचार करतेय," असं परस्पर कळवून मोकळी झाली. मग तीच मंडळी गणपतीत आली, संक्रांतीला आली, आणि दर वेळी मी चहाचा ट्रे घेऊन पुन्हा त्यांच्यासमोर. मला त्याचा अजूनही संताप येतो.

सर म्हणाले, "मग क्लायंटला तूच जाऊन सांग. तो गेला तर तूही गेलीस, हे धरून चाल."

नोकरी मला हवी होती, खोटं कशाला बोलू. पण निघायच्या आधी मी ती पुसायची ओळच काढून टाकली आणि नकाराची चिठ्ठीही होकाराइतकीच, वर्षभर टिकेल असं केलं. मग डोंबिवली गाठली.

केंद्र चालवणारे काका सज्जन दिसत होते. चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं बरोबर असेलही," ते म्हणाले, "पण मुलींचा पहिला नकार आम्ही मनावर घेतला असता, तर निम्मी लग्नं झाली नसती."

"नसती झाली तर नसती झाली, काका."

त्यांनी लगेच विचारलं, "तुमचं झालंय का लग्न?"

"नाही. आणि करायचंही नाहीये."

"असं कसं? ठाण्यातलंच एक छान स्थळ आहे. मुलगा एकुलता एक. नुसता फोटो बघा."

आणि त्यांनी खरोखरच मोबाइल माझ्यापुढे धरला. मला हसू आलं आणि रागही आला.

"काका, मी आत्ता काय म्हणाले?"

त्यांनी मोबाइल खाली ठेवला. मी चहा संपवून उठले.

मी ऑफिसात पोचायच्या आत त्यांचा सरांना फोन गेला होता. केंद्राने साइट दुसरीकडे नेली आणि सरांनी मला महिनाअखेरीस नोकरी सोडायला सांगितलं. ती पुसायची ओळ पुढे कोणीतरी परत घातली असेल, पत्त्यासकट. घालू देत. माझ्या हातून नाही.