ओळंब्याची गडावरची बाई

ओळंब्याने गडावर बाई ठेवली आहे आणि तिला पोट आलंय, ही बातमी आमच्या गल्लीत शिंपीणबाईंच्या खिडकीतून बाहेर पडली. ओळंबा आपल्या मजुराच्या कानाशी लागून म्हणाला होता, "तिला पोट आलंय. आता फार दिवस काढत नाही ती. घरी बोलू नकोस." शिंपीणबाईंचे कान म्हणजे काय विचारता! सुई पडली तर तिचा नंबरही सांगतील.

ओळंबा म्हणजे आमचा गवंडी. केसांचा भांगसुद्धा ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का पाहायची वजन बांधलेली दोरी, सोडून पाडतो म्हणून हे नाव. एवढा सरळ माणूस वाकडा निघाला, याचा आनंद गल्लीला लपवता येईना.

वर्षापूर्वी त्याला गडाच्या डागडुजीचं काम मिळालं होतं. गड शेकडो वर्षांचा. दरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत असा वळणावर लपवलेला, की तो फोडायला ओंडका घेऊन आलेल्या शत्रूला धाव घ्यायला जागाच मिळू नये. बुरुजाच्या पोटात माती आणि खडी, वरून घडीव दगडांचं कातडं. त्या कातड्यात पायथ्याशी बारीक फटी होत्या. कामात फट दिसली की ओळंब्याला घास गोड लागत नसे. त्याने एकूण एक फट सिमेंटने भरली. भिंत आरशासारखी झाली, साहेबलोकांनी पाठ थोपटली.

पावसाळा सरला आणि ओळंबा रोज एकटाच गडावर जाऊ लागला. बातमी बायकोपर्यंत पोचायला वेळ लागला, पण पोचली तशी ती पदर खोचून त्याच्यामागे चढली. तो बुरुजाशी छिन्नी मारत बसला होता.

"कुठंय ती?"

"कोण?"

"जिला पोट आलंय ती!"

त्याने भिंतीकडे बोट केलं. गवंड्यांच्या बोलण्यात भिंत फुगली की तिला पोट येतं. ही चांगलीच फुगली होती. आणि बरोबर खाली, पायथ्याच्या आळीतल्या पहिल्याच घरात, त्यांची लेक तान्ह्या बाळासकट नांदत होती.

"पाणी कोंडलंय आत. वाट करून देतोय, पण माझंच सिमेंट मला दाद देईना."

"पोरीला सांगितलंत?"

"सांगितलं की आळीभर होणार. एवढ्या वर्षांचं नाव माझं..."

"नाव घाला चुलीत! त्यापेक्षा बाई ठेवली असतीत तर परवडलं असतं. कोसळली असती तर तुमच्या एकट्याच्या अंगावर!"

ती तशीच खाली धावली. लेकीला आणि नातवाला बाहेर काढलं, मग शेजारची दारं बडवली. ओळंबा कचेरीत जाऊन उभा राहिला आणि सगळं बोलला. तिथे या वेळी पाठ कुणी थोपटली नाही.

ती आळी आज कुलूपबंद आहे. भिंत पडलेली नाही, सावरलेलीही नाही. जावई सासऱ्याशी बोलत नाही, आणि ओळंब्याला कुणी साधा ओटाही बांधायला देत नाही. शिंपीणबाई मात्र अजून विचारतात, "ती कशी आहे हो?"

गडावर बाई कधीच नव्हती. बुरुजातलं पाणी बाहेर पडावं म्हणून बांधणाऱ्यांनी फटी ठेवल्या होत्या. त्या ओळंब्याने बुजवल्या, म्हणून भिंत फुगली.