माझ्या घरासाठी राखलेला फणस

मी मुंबईला निघालो त्या सकाळी बाबा बंदरावर आले नाहीत. मागीलदारी माझ्या फणसाच्या खालच्या फांद्या छाटत राहिले. माझ्या जन्माच्या वर्षी त्यांनी तो लावला होता, पुढे माझं घर बांधायला. त्याच्यावर कोवळे फणस दिसले की काढून आईकडे भाजीला द्यायचे. "फळां खाऊक दुसरी झाडां आसत. ह्येचा बळ खोडात जाऊंदे," म्हणायचे. पाया पडलो तेव्हा एवढंच म्हणाले, "लवकर ये. माका एकट्याक खांब उभे करूक जमाचे नाय."

गावात राहिलेल्यांनो, तुम्हाला वाटतं मुलुंडला आम्ही मजा मारतो. कसली डोंबलाची मजा! कारखान्यात रजा मागितली की मुकादम तोंड फिरवायचा. "पुढल्या वर्षी बांधू," असा निरोप मी गावी धाडायचो, आणि खरंच मनापासून धाडायचो. शेवटी बाबांनी माझी वाट न बघता झाड पाडलं. ओंडके तळीत मुरवले, तासले, गोठ्याच्या पडवीत सुकत ठेवले. आता फक्त मी जायचा बाकी होतो. बायकोला म्हटलं, चल. ती म्हणाली, "पोरांची शाळा सोडून तिकडे काय खांब चघळायचे?" तिचं खरं होतं, म्हणून तर माझा जास्त संताप व्हायचा.

बाबा गेल्याची तार आली ती ऐन आषाढात. पावसाळ्यामुळे बोटी बंद. एसटी बदलत, कोल्हापूरवरून वळसा घालून पोचलो तोवर सगळं आटपलं होतं. गोठ्याची पडवी रिकामी दिसली. माझा थोरला भाऊ, दादा, मान खाली घालून म्हणाला, "एवढ्या पावसात सुकी लाकडां खंयसून हाडू रे? तुझीच तेवडी होती."

"बरा केलंस," म्हटलं. बाबांना ओल्या लाकडांवर धुमसत ठेवायचं होतं की काय! पण त्या दिवशी माझं घर जळालं ते जळालंच. आता दुसरा फणस लावून तो मोठा व्हायची वाट कोण बघणार, आणि कोणासाठी? मुलुंडची खोली मालकाची, गावचं घर दादाचं. गावातून जे माझ्यासारखे निघून आलेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी चहा देताना वहिनीने मायेनं विचारलं, "भावोजी, आजून दोन दिस रवतल्यात मा?"

आमच्याकडे 'राहणार ना?' हे पाहुण्यांना विचारतात.