विचारलं म्हणून माफी

बचत गटाची बैठक संपत आली होती. आप्पा सरळ आत आले, खुर्चीवर बसले आणि वीस-बावीस बायकांसमोर मला म्हणाले, "ए आशा, हितं ये. पाया पड आन् माफी माग."

न्हावऱ्याच्या पुढे आमची वाडी. मी तिथली आशा सेविका. आप्पा वाडीतले सगळ्यात मोठे बागायतदार. मी वाडीबाहेरच्या वस्तीतली. इतकी वर्षं त्यांच्या घरी जाते, पण ओसरीच्या आत कधी बोलावलं नाही.

माझा गुन्हा असा. त्यांची सून मनीषा तीन महिन्यांची बाळंतीण. त्याच सकाळी बाळाचं वजन करायला गेले होते. बाळ छान भरलं होतं. मनीषा भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्याबिगर बी वाढंल ती." मी काटा बाजूला ठेवला आणि सरळ विचारलं, "मनीषा, मरावंसं वाटतं का?" दाराआड सासू उभी होती.

"भरल्या घरात मरणाचं नाव काढलं हिनं," आप्पा बायकांना सांगत होते. "नको ते पोरीच्या डोक्यात घालती. आपल्या पायरीनं ऱ्हायचं. वजन करायचं, निघायचं."

"आता काट्यावर मन बी मोजती का गं?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळ्या हसल्या. सासूशेजारी बसलेली मनीषा हसली नाही.

माझी धाकटी बहीण वरवंडला दिली होती. शेवटची भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, लय थकले गं." मी म्हणाले, "सगळ्याच थकतात. कांदा काढून झाला का?" मग तासभर कांद्यावरच बोललो. दहा दिवसांनी तिने जीव दिला. सासरच्यांनी हार्ट अटॅक सांगितला. मीही चार वर्षं तेच सांगत राहिले. अभद्र कशाला बोला, म्हणून मी तिला विचारलं नव्हतं.

पाया पडले असते तर दोन मिनिटांत सुटले असते. पण मनीषा बघत होती. हे बोलणं म्हणजे गुन्हा, एवढंच ती शिकली असती. पुन्हा कोणापाशीही तोंड उघडलं नसतं.

मी जागची हलले नाही. "माफी न्हाई मागायची, आप्पा. इचारलंय, आन् परत इचारीन. इचारल्यानं कुणी मरत न्हाई."

"मंग ती काय म्हणली, ते सांग की सगळ्यांना."

"ते तिचं हाय. मी न्हाई सांगायची."

"तुझी तक्रार करतो. आशा म्हणून कशी ऱ्हाती तेच बघतो."

"करा. उद्या सकाळी तिला शिरूरला डॉक्टरकडं न्यायचीय. गाडी देता का एसटीनं नेऊ?"

मग मनीषाच म्हणाली, "मी एसटीनं जाते, आशाताईसंगं."

गाडी मिळाली नाही. आम्ही एसटीनेच गेलो. बाळंतपणानंतर असा आजार होतो, बरा होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात, काही वाईट. वाईट दिवशी ती फोन करते, मी जाते.

आप्पांनी तक्रार केलीच. आरोग्य केंद्राने माझ्याकडून लेखी खुलासा मागितला. मी लिहून दिलं: होय, विचारलं.

पुढचं लिहिलं नाही, ते इथे लिहिते. मला काढून टाकलं तरी मी विचारणार. बागायतदाराच्या घरात विचारणार, शिक्रापूरच्या कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांतही विचारणार. आणि 'व्हय' असं उत्तर आलं, तर ते माणूस डॉक्टरसमोर बसेपर्यंत त्याला एकटं सोडणार नाही. मग कोणाच्या अब्रूचं काय व्हायचं ते होवो.