बाळाच्या उशाखालचा ढिला चाकू

मंडळातल्या मैत्रिणींनो, आज दुपारी रिठदला आमच्या घरी जे घडले ते लगेच लिहिते आहे.

माझी मुलगी कुसुम पहिल्या बाळंतपणाला आली आहे. दुपटे बदलायला मी बाळाला उचलले, तर उशीखालचा घडीचा चाकू अर्धा उघडलेला. उशीबाहेर आलेले पाते बाळाच्या कानापासून बोटभर! दृष्ट लागू नये म्हणून माझ्या आत्यासासूबाईंनी तो ठेवला होता. पाते इतके ढिले की नुसते हलवले तरी बाहेर येई.

मी चाकू काढून घेतला.

"काहून काढून राह्यली वं? लोखंडाबिगर लेकरू ठेवतेत का?" आत्यासासूबाई म्हणाल्या.

"आणि पाते लागले असते तर?"

"कालेजात हेच शिकली का तू?"

कुसुम रडू लागली. चाकूशिवाय ती झोपणार नाही, हे मला दिसत होते. मी वाद सोडला. लोखंडी खल पालथा घातला, मिटलेला चाकू त्यावर धरला आणि पात्याच्या खिळ्यावर हातोडीने ठोके दिले. खिळा चेपला, पाते घट्ट बसले. तरी भरवसा वाटेना, म्हणून चाकू जाड फडक्यात गुंडाळून सुतळीने आवळला आणि परत उशीखाली ठेवला.

"बांधेल चाकू कोनाले भेवाडीन वं?" आत्यासासूबाई म्हणाल्या.

"मला तर अजून भेवडावतो आहे," मी म्हटले.

मायलेकरे झोपली आहेत. मी मात्र पुन्हा पुन्हा उशीखाली हात घालून येते आहे.

तुमच्या घरच्या बाळंतिणीच्या उशीखालचा चाकू शेवटी कोणी तपासला होता? आठवत नसेल तर आधी उठा आणि पाहून या.