गिरणीवाले

जगदेवीबाईंचा राग आमच्या गल्लीला भाकरीतून कळतो. चाकूरला त्यांची पिठाची गिरणी आहे. मन ठिकाणावर असलं की पीठ मऊसूत, नसलं की भरड. गेल्या वर्षी शिवानीचं लग्न परदेशातल्या मुलाशी ठरल्याची बातमी आली आणि माझ्या भाकऱ्या तव्यावर टाकताना तुटायला लागल्या.

शिवानी ही त्यांच्या धाकट्या जावेची, शिवकांताची मुलगी. दोघी जावा एकाच घरात नांदल्या, एकाच गिरणीत राबल्या. आडनावही एकच, गिरणीवाले. शिवकांताला त्या नावाची भारी लाज. लातूरला फ्लॅट घेतल्यावर तिनं नवऱ्याच्या मागं लागून आडनाव बदलून घेतलं आणि ते शेटे झाले. गिरणी थोरलीच्या वाट्याला आली. तेव्हापासून जगदेवीबाई जळतात. जावेचा फ्लॅट, जावेची लिफ्ट, जावेच्या लुगड्याला पिठाचा वास येत नाही, सगळ्याचा हेवा. त्या तो लपवत नाहीत, एवढं मात्र खरं.

जावई स्पेनचा, आंद्रेस मोलिना. लातूरच्या मंगल कार्यालयात शिवकांता एकेकीला थांबवून सांगत होती, "मोलिना! स्पेनमंदी लई मोठं नाव हाय. इटलीत बी हाय. तिकडं गावाला बी हेच नाव देत्यात."

जगदेवीबाई माझ्या कानाशी पुटपुटल्या, "माझा जावई भोकरचा, अन् तो बी घोरतो."

हळद दळायचं जातं मात्र जगदेवीबाईंच्याच घरून आणलं होतं, फ्लॅटात जातं कुठून असणार? सवाष्णींनी त्याला हळकुंड बांधलं, पूजा केली. नवरदेव वाकून बघायला लागला. शिवानीनं समजावून सांगितलं तसा तो हसत सुटला, एकदा जात्याकडं बोट करी, एकदा स्वतःकडं.

"मोठी आई, मोलिना म्हणजे गिरणी!" शिवानी म्हणाली. "पूर्वी जे गिरणीपाशी राहायचे त्यांना हे नाव पडलं. गिरण्या गावोगाव, म्हणून नावही गावोगाव."

जगदेवीबाईंनी अख्ख्या कार्यालयाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "म्हंजे पोरगी शेट्याच्या घरून निघून गिरणीवाल्याच्याच घरी चालली की!"

शिवकांताचं तोंड पाहण्यासारखं झालं. मला विचाराल तर मीही पोटभर हसले. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत भाकऱ्या टम्म फुगल्या.

लग्नानंतर जावयाला गिरणी बघायची हौस आली. सगळे चाकूरला आले. मी दळण घेऊन तिथंच उभी होते. गिरणी सोडल्यापासून उंबरा न चढलेली शिवकांता तरातरा आत आली, जावयाला 'गिरणीवाले' पाटीखाली उभं केलं आणि स्वतः शेजारी उभी राहिली. "आमची खानदानी गिरणी," ती म्हणाली आणि मोबाइल थोरलीच्या हातात दिला. "अक्का, जरा फोटू काढता का?"

जगदेवीबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले आणि फोटो काढला.

निघताना शिवकांता म्हणाली, "अक्का, आमी बी आता परत गिरणीवालेच लावायचा इचार करायलोत."

गाडी वळेपर्यंत जगदेवीबाई दारात उभ्या राहिल्या. मग पाटीकडं बघत म्हणाल्या, "समदं तिला गेलं. तिनं टाकलेलं नाव तेवढं माझं एकटीचं होतं. आता ते बी पायजे तिला."

त्यांनी गिरणीचं बटण दाबलं. मी माझा डबा उचलला आणि दळण उद्या आणते म्हणाले.