पाणी दिलेल्या दोन ओळी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की आमच्या शेंदूरजनाघाटातल्या सगळ्या बागायतदारांचं चुकतंय. त्यात माझे बाबाही आले.

आमच्याकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याची झाडं ताणावर सोडतात. थंडी पडली की बागेचं पाणी बंद करायचं. महिना-दीड महिन्यात पानं फिकी पडतात, थोडी गळतात. मग पाणी दिलं की झाड फुलून येतं. लहानपणापासून हे बघत आले होते, पण अमरावतीला कॉलेजात गेल्यावर ती पिवळी पानं मला अडाणीपणाची खूण वाटायला लागली. प्रोजेक्टला मी हाच विषय घेतला. होस्टेलच्या खाटेवर बसून मोबाइलवर इंग्रजीत अख्खं वाक्य टाइप केलं: संत्र्याच्या झाडाचं पाणी बंद करणं हानिकारक का आहे?

उत्तरांचा नुसता पाऊस पडला. पाणी तोडलं की मुळं सुकतात, फळ गळतं, झाड दुबळं होतं. पहिल्या पानावरचे पहिले चार निकाल मी वाचले आणि वहीत उतरवून घेतले. पाचवा उघडायची गरजच वाटली नाही. डिसेंबरात घरी गेले, तेव्हा बाबांना बांधावर उभं करून हे सगळं मराठीत ऐकवलं. तोरा असा, की जणू मीच लिहिलं होतं.

बाबांनी ऐकून घेतलं. एक पान तोडून बोटांत चुरलं.

"मंग काय कराव म्हन्तेस?"

"पाणी सोडा, बाबा. आजच."

"साऱ्याच बगीच्याले नाही सोडत. विहिरीकडच्या दोन ओळीले देऊन पाहू."

दोनच ओळी म्हटल्यावर मी जरा फुगलेच. पण माझ्या शब्दावर पाणी वाहिलं होतं, त्या खुशीत मी अमरावतीला परतले.

आठवड्याभरात प्रोजेक्टच्या सरांनी माझं पहिलं प्रकरण परत केलं. वर लाल शाईत एवढंच होतं, 'संदर्भ तपासा.' मी रडवेली होऊन ग्रंथालयात गेले. तिथल्या मॅडम बार्शीटाकळीकडच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी मला संगणकासमोर बसवलं आणि मी काय टाइप केलं होतं ते परत करायला लावलं.

"तू इचारलं कुठं?" त्या म्हणाल्या. "तू तं निकाल आधीच देऊन टाकला आन् मंग साक्षीदार शोधत बसली."

मला राग आला, कारण ते खरं होतं. 'हानिकारक' हा शब्द त्यांनी काढून टाकायला लावला. अख्ख्या वाक्याऐवजी चारच शब्द: आपल्या संत्र्याच्या जातीचं नाव, ताण, फुलोरा, विदर्भ. जातीचं नाव अवतरणचिन्हांत, म्हणजे ते नाव जसंच्या तसं असलेलीच पानं पुढे येतात. मग म्हणाल्या, वाचायच्या आधी पाहून घे, लिहिणारा कोण, कुठला, कोणत्या साली लिहिलं. मी पहिला निकाल पुन्हा उघडला. ती बाग समुद्रकाठची होती, वाळूच्या जमिनीतली, आणि तिथला पाऊस हिवाळ्यात पडणारा. आमच्या काळ्या जमिनीचा त्यात उल्लेखही नव्हता.

नव्या शोधात आमच्या भागावरचे तीन-चार लेख मिळाले. एका चांगल्या लेखाच्या तळाशी संदर्भांची यादी होती. मॅडमनी तिच्यातली नावं एकेक करून शोधायला लावली. प्रत्येकात तेच होतं. भारी जमिनीत ताण पुरा झाल्याशिवाय फूल धरत नाही. मध्येच पाणी मिळालं तर झाड पाल्यावर जातं, फुलांऐवजी पानंच फुटतात.

मी बाहेर येऊन बाबांना फोन लावला. त्या दोन ओळींचं पाणी थांबवा, म्हटलं.

"दोनदा देऊन झालं नं," ते म्हणाले. "राहू दे. पोटात काही पडलं का तुह्या?"

फेब्रुवारीत मी घरी गेले तेव्हा सगळी बाग पांढरी झाली होती आणि वास पार रस्त्यापर्यंत येत होता. विहिरीकडच्या दोन ओळी तेवढ्या हिरव्यागार. कोवळी नवती फुटलेली, फूल औषधालाही नाही. मी त्या झाडांपाशी उभी राहिले आणि मला फार लाज वाटली. शेजारचे काका काय विचारतील, बाबा काय सांगतील, तेच डोक्यात घोळत होतं.

नंतर मी फांद्यांवरची फुलं मोजली, त्या दोन ओळींची आणि शेजारच्या दोन ओळींची, आणि प्रोजेक्टमध्ये तेच लिहिलं. माझी चूकही लिहिली. सरांनी सही केली.

निकाल लागल्यावर एका संध्याकाळी बाबा मोटर बंद करून येत होते, तेव्हा मी विचारलंच.

"बाबा, बहार जाईन हे तुमाले माईत होतं नं?"

"होतं."

"मंग काहून देल्लं पाणी?"

त्यांनी पायांवरचा चिखल दगडाला घासून काढला.

"त्या ओळी पुढच्या साली फुलतीन," ते म्हणाले. "तू मले काही सांगाचंच सोडून देल्लं असतं तं?"